गोधडीतली घंटा

टेकडीवर लाल बावटा चढला की आमच्या वस्तीतल्या माणसांची कामं ठरलेली असतात. शेळ्या परत फिरवायच्या, मांडणीवरच्या काचेच्या बरण्या खाली उतरवायच्या, पाळण्यातल्या पोराला आतल्या खोलीत न्यायचं. चर्चची घंटा वाजवणारे कृपादान मात्र घरातून एक जुनी गोधडी काखेला मारून चर्चकडे निघायचे. तिथे स्टुलावर चढून ते घंटेला ती गोधडी गुंडाळायचे आणि वरून सुतळीने बांधायचे. बावटा उतरला की सोडायचे. पोरं म्हणायची, "आबांच्या घंटेला थंडी वाजली." कृपादान हसायचे, पण गाठ पुन्हा एकदा ओढून बघायचे.

टेकडीपलीकडे लष्कराची गोळीबाराची रेंज आहे; सराव असला की बावटा चढतो. रणगाड्यांवरची माणसं नगरला शिकतात आणि तोफ चालवायला इथं येतात. जे रणगाडे पुढे सरहद्दीवर लढले, त्यांचा आवाज आमच्या वस्तीने आधी ऐकलेला आहे. आता नवे रणगाडे आले, आवाजही बदलला. पूर्वीचा बार कानात बसायचा, हल्लीचा पोटात बसतो.

माझे यजमान इथल्या चर्चचे पाळक म्हणून आले तेव्हा ती घंटा अंगणातल्या लोखंडी खांबावर टांगलेली होती. लांबून ती घंटाच वाटायची. जवळ गेल्यावर कळायचं की ते तोफगोळ्याचं पितळी नळकांडं आहे, तोंड खाली करून टांगलेलं. बुडाच्या मधल्या भोकातून साखळी ओवलेली आणि बुडावर इंग्रजी आकड्यांत १९४२ असं उमटवलेलं. म्हणजे इंग्रजांच्या वेळचं. आता तसं पितळ मिळत नाही. नव्या रणगाड्याच्या दारूचं आवरण बार होताना जळून जातं, मागे उरतो तो ताटलीएवढा तुकडा. कृपादान जाड बोल्टने त्या नळकांड्यावर तीन ठोके द्यायचे आणि उपासनेला माणसं जमायची.

गोधडी धुळीसाठी असेल असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

एकदा कृपादान तापाने पडले होते आणि त्याच दिवशी बावटा चढला. मी वेदीवरचं कापड बदलायला चर्चमध्ये गेले होते. पलीकडे पहिला बार झाला. खिडक्या थरथरल्या. मग बाहेरून एक आवाज आला, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा, पण एकाच सुरातला. तो वाढला आणि हळूहळू विरला. मी बाहेर आले. अंगणात कुणी नव्हतं. दुसरा बार झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती घंटा कुणी हात न लावता घुमू लागली. मी त्या दिवशी डायरीत बाकी काही लिहिलं नाही. 'वारा नव्हता', एवढंच लिहिलं.

ती घुमत असतानाच कृपादान गोधडी घेऊन पळत आले. अंगात ताप, पाय अनवाणी. घंटेला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली, तेव्हा कुठे ती थांबली.

"बाई, तुमी ऐकलं?"

"ऐकलं."

"तो नोहा हाय," ते म्हणाले. "माजा धाकटा भाऊ."

चर्चच्या पायरीवर बसून त्यांनी मला सांगितलं. तेव्हा वस्तीतली बरीच माणसं रेंजवर भंगार वेचायला जायची. बार थांबले की तुकडे गोळा करायचे आणि शिपाई यायच्या आत परत फिरायचं. दोघे भाऊही जायचे. एका पावसाळ्यानंतर ओढ्याच्या दरडीत त्यांना हे नळकांडं सापडलं. विकायचं सोडून नोहाने ते चर्चला दिलं. साखळीही त्यानेच ओवली.

"दुसऱ्या सालची गोस्ट. मी वझं बांधत हुतो. तो ओढ्याच्या पल्याड. त्यानं हाक मारली, 'दादा, हिकडं ये, लई मोठं घावलंय.' मी म्हनलं, 'आलो.' गाठ बसंना, म्हनून तिथंच ऱ्हायलो. आन मग..." त्यांनी हाताचे तळवे उघडून दाखवले. "न फुटलेला गोळा हुता, बाई. मयताची पेटी उचलली तवा चौघांची गरजच न्हवती. एकट्यानं नेली आसती."

त्यानंतर रेंजवर बार झाला की घंटा घुमायची आणि कृपादानांना ती नोहाची हाक वाटायची. ते जिथे असतील तिथून "आलो" म्हणायचे. लग्न झाल्यावर त्यांच्या बायकोने, सत्यशीलाने, हे पाहिलं. शेतात खुरपताना, जेवताना, लोकांच्या बारशात, नवरा मधेच "आलो" म्हणून उठतो. तिनेच आपली लग्नातली गोधडी काढून दिली आणि म्हणाली, "झाका त्याला." तेव्हापासून घंटा गप्प झाली आणि घर कसंबसं चाललं.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ चर्चला नवी घंटा दिली. चांगली, ओतीव, दोरी ओढून वाजवायची. माझ्या यजमानांनंतर आलेले नवे पाळक तरुण आहेत. ते म्हणाले, देवाच्या दारात लढाईची वस्तू आता कशाला? कमिटीचा जॉन हा मनाने भला पण जिभेने घाईचा माणूस. तो म्हणाला, "आबा, शाळेला देऊ. तास तरी वाजतील."

"न्हाई," कृपादान म्हणाले. कमिटीत ते कधी बोलत नसत. "माज्या घरी नेतो."

घरी सत्यशीला दारातच उभी राहिली. मी आणि जॉनही सोबत होतो.

"आत आनायची न्हाई."

"अगं, पडवीत ऱ्हाईल."

"मी लगीन एकाशी केलं. या घरात दोघं ऱ्हात्यात. तो भायेर टांगलेला हुता तवर मी सोसलं. आता त्याला अंथरून बी घालू का?"

कृपादान घंटा खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी मीच सुचवलं की ज्याची आहे त्याच्यापाशी ठेवू. ते सगळ्यांना पटलं. कबरस्तानात नोहाच्या कबरीच्या उशाशी जॉनने खड्डा घेतला. कृपादाननी नळकांड्यात ओंजळीने माती भरली, दाबून दाबून, आणि ते खाली ठेवलं. पाळकांनी प्रार्थना केली. परतताना सत्यशीला नवऱ्याच्या बरोबरीने चालत होती. मला वाटलं, सुटली माणसं.

पुढच्या वेळी बावटा चढला तेव्हा कृपादान सवयीने गोधडी घेऊन चर्चपाशी आले. खांबावर नवी घंटा होती. बार झाला. ती जागची हलली नाही. दुसरा झाला, तिसरा झाला. कृपादान खांबाला कान लावून उभे होते. मग ते कबरस्तानाकडे गेले. मी मागून गेले तर ते उशाशी पालथे पडलेले, गाल मातीला लावून.

"बाई, काय बी येत न्हाई," ते म्हणाले. "आता तो कुटं गेला आसंल?"

माझ्याजवळ उत्तर होतं. आयुष्यभर पाळकाच्या घरात राहिलेल्या बाईजवळ असतं ते. पण त्या मातीवर पडलेल्या माणसाला सांगण्यासारखं ते मला वाटलं नाही. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.

ते जेवेनात. हाक मारली तर ओ देईनात, जिवंत माणसाच्या हाकेलासुद्धा. चर्चला यायचे, पण घंटा वाजवायचं काम त्यांनी जॉनला देऊन टाकलं. एका दुपारी सत्यशीला माझ्याकडे आली आणि ओट्यावर बसली.

"बाई, आधी घरात दोघं तरी हुते. आता एक बी न्हाई."

मी म्हटलं, "मी बोलू का त्यांच्याशी?"

"बोलून काय व्हनार? तुमची कुदळ द्या."

मी कुदळ दिली आणि तिच्याबरोबर गेले. सत्तरीची बाई, पण तिने मला हात लावू दिला नाही. घंटा वर आली तेव्हा तिच्यात माती घट्ट बसली होती. सत्यशीला उलथन्याने कोरून ती काढत होती आणि तोंडाने चालूच होतं, "जिता आसताना बी आसाच हटून बसत आसशील. निघ भायेर." नळावर नेऊन तिने ती चिंचेने घासली. पडवीच्या वाशाला जॉनने साखळी अडकवली. कृपादान खाटेवरून नुसते पाहत होते.

"एक आयका," ती नवऱ्याला म्हणाली. "आता गोधडी घालायची न्हाई. त्याला बोलायचं ते बोलू द्या. माज्या देखत."

त्या रात्री ते जेवले.

मागच्या आठवड्यात बावटा चढला तेव्हा मी त्यांच्या पडवीत होते. कृपादान शेंगा फोडत होते आणि सत्यशीला सुपात दाणे पाखडत होती. मला चहा मिळाला होता. कृपादान आता थकले आहेत. मनगटं काटक्यांसारखी झाली आहेत आणि शेंग फोडायला दोन्ही अंगठे लागतात.

बार झाला. कपातला चहा हलला. मग आमच्या डोक्यावर घंटा घुमू लागली, इतकी जवळून की माझ्या दातांना कळली. मी सत्यशीलाकडे पाहिलं. ती सूप पाखडत राहिली.

कृपादाननी मान वर केली. गोधडीआधीच्या दिवसांत ते "आलो" म्हणायचे, आणि मी तेच ऐकायला थांबले होते.

"थांब जरा," ते म्हणाले. "येतोच आता."

"आधी शेंगा फोडा तेवढ्या," सत्यशीला म्हणाली. "मग जावा कुटं जायचं ते."

ते हसले आणि त्यांनी पुढची शेंग उचलली. घंटेचा सूर विरत गेला. सत्यशीलाच्या हातातलं सूप मात्र थांबलं होतं. दाणे एका कडेला गोळा झाले होते आणि ती ते तसंच धरून, टेकडीकडे बघत, पुढच्या बाराची वाट पाहत होती.