पोटभर मेमरी

गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी निपाणीतल्या आमच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू झाला, आणि घरात किश्श्यांची रास पडायला लागली. घरात माणसं चारच. तंबाखूच्या वखारीतली नोकरी संपवून बसलेले सासरे, म्हणजे आप्पा. कॉम्प्युटर क्लास काढलेले आमचे हे. पाळण्यातली छकुली. आणि सातवी शिकलेली मी.

*

पहिल्या दिवशी मला एकच काळजी, धूळ गेली तर? मी चालू मशीनला छकुलीचं दुपटं गुंडाळलं. तासाभरात ते तापलं. हे म्हणाले, "अगं, त्याला थंडी वाजत न्हाय."

*

ह्यांनी बुद्धिबळाचा प्रोग्राम आणला. मशीननं पहिलंच प्यादं दोन घरं पुढं सरकवलं. आमच्याकडं एकेक घर चालायची रीत. आप्पा म्हणाले, "लई घाई हाय रं ह्याला."

तरी आठ दिवसांत नवे नियम शिकले आणि कट्ट्यावर बोलून आले, "मशीनकडनं हरलो तर पट माळ्यावर टाकीन." त्या पटावर तर त्यांचा दिवस जायचा. मला जेवण गोड लागेना.

*

प्रोग्राम सुरू होताना विचारायचा, मेमरी किती द्यायची? विचार करून झालेल्या चाली तो तिथं टिपून ठेवतो. जागा कमी दिली, की तेच ते पुन्हा घोकत बसतो.

बापाच्या काळजीनं हे सगळ्यात लहान आकडा टाकायला निघाले. आप्पांनी मनगट धरलं. "उपाशी पैलवान पाडून फेटा मिळतोय व्हय? सगळी दे."

सगळी दिली. मशीन जागच्या जागी थिजलं. शेजारचे म्हणाले, "आप्पा, जिंकलासा की."

"अजून सलामी न्हाय झाली," आप्पा म्हणाले.

*

दोन दिवस हे आकडे बदलत बसले. मी भाकरीचं पीठ मळत होते. म्हटलं, "परात काठोकाठ भरली तर मळायचं कुठं? निम्मी मोकळी ठेवा की."

ठेवली. चाललं. ह्यांनी वहीत आकडा लिहिला आणि पुढं माझं नाव.

*

रविवारी डाव झाला. कट्ट्यावरची मंडळी दारात. दोन तासांनी आप्पांचा राजा कोंडला.

आप्पांनी विचारलं, "मेमरी कुणी ठरवली?"

ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी पाळण्याची दोरी घट्ट धरली.

आप्पा दाराकडं वळले. "ऐका रं. मशीनकडनं हरलो असतो तर पट माळ्यावर गेला असता. मी आमच्या सूनबाईकडनं हरलोय. पार कोगनोळी गावापातूर सांगत जावा."