बी विंगचा उजेड

माझा स्टुडिओ म्हणजे आमच्या पार्ल्याच्या फ्लॅटमधली बेडरूम. फोल्डिंगची खाट मिटली की स्टुडिओ होतो, रात्री उघडली की आई तिथे झोपते. ब्रश पूर्वी लोणच्याच्या बरणीत असायचे. आईने आरडाओरडा करून बरणी परत मिळवली, तेव्हापासून ते माझ्या जुन्या डब्यात राहतात. दुपारी माझ्या टर्पेंटाइनचा आणि तिच्या तळलेल्या बांगड्यांचा वास पॅसेजमध्ये एकत्र होतो, आणि शेजारी दोन्हींना सारखीच नाकं मुरडतात.

सकाळी चहा घेऊन मी आधी खिडकीशी उभी राहते. आमच्याकडे ऊन थेट येत नाही. ते समोरच्या बी विंगच्या भिंतीवर पडतं आणि तिथून जेवढं उरेल तेवढं आत येतं. ती भिंत पांढरी होती, पावसाळे खाऊन जराशी राखाडी झालेली, त्यामुळे उजेड गार आणि शांत यायचा. लोक प्रेरणेसाठी हिमालयात जातात, माझं बी विंगवर भागत होतं.

त्या उजेडात मी आईचं पोर्ट्रेट करत होते. ती हॉस्पिटलमधून नुकतीच घरी आली होती आणि रिकामं बसून कंटाळली होती, म्हणून मी तिला खुर्चीत बसवलं. ती लसूण सोलायची, मी रंगवायचे. चित्र झकास उतरत होतं. बसलेले गाल, डोळ्यांखालची निळसर सावली, सगळं जमत होतं आणि मी भलतीच खुश होते. उठताना आई रोज चित्राकडे बघायची, "झालं?" विचारायची आणि स्वयंपाकघरात जायची.

तेवढ्यात सोसायटीने दोन्ही विंग रंगवायला काढल्या. गच्चीवर मीटिंग झाली. शेवटी दोन शेड उरल्या, मोतिया आणि अबोली. सेक्रेटरीकाका म्हणाले, "तू आर्टिस्ट ना गं? मग तूच सांग."

मी उजेडावर भाषणच ठोकलं. समोरची भिंत अबोली झाली तर माझं चित्र अर्ध्यावर मेलं, हेही सांगून टाकलं. बोलणं बरं झालं असावं, कारण मतं समसमान पडली. आता फक्त आमच्या फ्लॅटचं मत राहिलं होतं. फ्लॅट आईच्या नावावर आहे. आईने अबोलीसाठी हात वर केला.

"वाट लागली गं तुझी," काका म्हणाले.

मी जाम भडकले. घरी येऊन कारण विचारलं तर आई म्हणाली, "माका आवडता." चिडली किंवा लाजली की ती तिच्या मालवणीत शिरते, आणि मग पुढे काही विचारायची सोय नसते. भिंत रंगून होईपर्यंत मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

परांची उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी मी फुरंगटूनच कॅनव्हास लावला. आई येऊन बसली. आज लसूण नव्हता, केस विंचरलेले होते. समोरच्या भिंतीवर ऊन पडलं, खोली उजळली आणि आईच्या गालांवर रंग चढला. मी तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. चित्रातली बाई अजून हॉस्पिटलमध्येच होती.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू एवढां खुश होतंस, काय बोलतलंय?" ती खिडकीकडे बघत म्हणाली. "पण मी गेल्यावर ह्यांच चित्र भिंतीर लावतलंस मां? मग सगळी माका आजारीच बघतली."

मला एकदम रडू आलं. इतके दिवस मी तिला बघत होते आणि मला दिसलं होतं ते फक्त तिचं दुखणं. मी ते चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि कोरा कॅनव्हास लावला.

"हलू नकोस हां आता," मी नाक पुसत म्हटलं.

ती लगेच उठली. आरशापाशी जाऊन तिने टिकली नीट केली, पदर सारखा केला, परत येऊन ताठ बसली.

"आता काढ," म्हणाली.