हिला इंजिनाची भीती वाटते

गल्लीत तिला सगळे ड्रायव्हरीणबाई म्हणत. मास्तरांची बायको मास्तरीण, तशी इंजिन ड्रायव्हरची बायको ड्रायव्हरीण, एवढा साधा हिशेब. पण मास्तरीणबाई निदान शाळेच्या पायरीपर्यंत तरी जाऊन आलेली असते. आमच्या ड्रायव्हरीणबाईंनी उभ्या जन्मात इंजिनाच्या पायरीला पाय लावला नव्हता. लावू दिला नव्हता, असं खरं तर म्हणायला हवं. ते कोणी म्हणत नव्हतं, म्हणून तर पुढचा सगळा प्रकार झाला.

नवी नवरी असताना तिने विचारलं होतं. "एकदा मला वर नेता का? नुसती उभी राहीन." ड्रायव्हरसाहेब तेव्हा मिशा नुकत्याच राखायला लागले होते. "ते बायकांचं काम नाही," असं म्हणून त्यांनी कूस बदलली. पुढे मुलं लहान असताना तिने पुन्हा विचारलं, तेव्हाही उत्तर तेच, फक्त मिशा मोठ्या.

इंजिन मात्र तिच्या घरात रोज येत होतं. शर्टाच्या कॉलरमधून येई, उशीच्या अभ्र्यातून येई, साबणाच्या वडीवर काळं होऊन बसे. साहेब दिवसा झोपले की मुलांनी चवड्यांवर चालायचं. ज्या माणसाने आयुष्यभर शिट्ट्या मारून गावंच्या गावं उठवली, त्याला कुकरची शिट्टी सहन होत नसे, म्हणून कुकरसुद्धा बंद. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात बाईंना चांगली जागा मिळत होती. हातात कला होती, मालकीण स्वतः बोलवायला घरी आली होती. "आणि माझ्या ड्यूटीचं काय?" एवढं एकच वाक्य झालं, आणि मालकीण चहा पिऊन परत गेली.

मग वाफेची इंजिनं गेली. साहेब डिझेलवर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. एक जुनं इंजिन तेवढं कोणा हौशी मंडळींनी भंगारातून वाचवलं. घासूनपुसून ते दर रविवारी जुन्या फाट्यावरून नदीच्या पुलापर्यंत न्यायचं, आणि तिकीट काढील त्याला ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसवायचं. चालवायला जुना माणूस हवा म्हणून साहेबांना बोलावणं आलं. रविवारी सकाळी ते असे नटून निघत, की स्वतःच्या लग्नातही एवढे नटले नव्हते. बाईंना वाटलं, आता तरी विचारतील. वाट बघता बघता दोन उन्हाळे गेले.

एका संध्याकाळी सुनेने फोन पुढे धरला. "आई, हे बघितलंत का? कोणीतरी टाकलंय."

फोनमध्ये साहेब होते. एका पाहुण्या बाईला हात देऊन वर घेत होते. तिच्या डोक्यावर आपली टोपी ठेवत होते. शिट्टीची दोरी तिच्या हातात देत होते. ती बाई हसत म्हणाली, "तुमच्या मिसेस तर नेहमीच येत असतील." साहेबही हसले. घरात त्यांचे एवढे दात कोणी पाहिले नव्हते. "छे हो. आमच्या हिला इंजिनाची भीती वाटते. जवळसुद्धा येत नाही."

ड्रायव्हरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही म्हटलं ते एक वेळ परवडलं. पण स्वतः नाही म्हणायचं आणि वर जगाला सांगायचं की तीच भित्री, याला काय म्हणावं? तिने हातातली सुरी खाली ठेवली. "पुन्हा लाव," ती म्हणाली. पुन्हा पाहिलं. भीतीच म्हणाले होते.

"या रविवारी शेवटची फेरी आहे," सून म्हणाली. "बॉयलरचा परवाना संपतोय. मग ते चौथऱ्यावर उभं करून ठेवणार आहेत."

"केबिनमध्ये जागा आहे का बघ."

"बाबांना सांगू?"

"बाकीच्या बायका काय त्यांना विचारून तिकीट काढतात?"

रविवारी बाई जुन्यात जुने कपडे घालून निघाल्या. काजळी काय चीज असते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. साहेब इंजिनाच्या दारात उभे होते, रुबाबात. बायकोला पाहून रुबाब थोडा सैल झाला.

"तू? इकडे कुठे?"

"तिकीट आहे."

"अगं, वर फार तापतं. तुला झेपायचं नाही."

"बाकीच्यांना झेपतं ना?"

मागे माणसं उभी होती, बोलायची सोय नव्हती. साहेबांनी सवयीने हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. लोखंडी दांडा धरला आणि चढल्या. गुडघ्यांनी जी काही तक्रार केली ती त्यांनी स्वतःशीच ठेवली.

दुसरं तिकीट एका गॉगलवाल्याचं होतं. "काकू, पहिल्यांदाच का?" त्याने अगदी प्रेमाने विचारलं. बाईंनी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "आमचीच आहे. घाबरते जरा. लक्ष ठेवा तिच्याकडे." बाई समोर बसलेल्या. बहिऱ्या नव्हेत.

गाडी सुटली. पुढून भट्टीची धग नडगीला भाजत होती, मागून वारा पाठ गार करत होता, आणि पायाखालचा पत्रा असा हादरत होता की दातांवर दात वाजावेत. बाईंना ते सगळं आवडलं. फार आवडलं. आणि इतकं आवडलं म्हणूनच राग दुप्पट झाला, कारण हे तिला तरुणपणी मिळू शकलं असतं.

मग साहेबांनी हातातला पाना शेजारच्या नळीवर एकदा ठोकला. ठक.

ड्रायव्हरीणबाईंचा हात आपोआप उजवीकडे गेला, तांब्या शोधायला.

तिकडे तांब्या कुठला असणार? भट्टी सांभाळणाऱ्या फायरमनने मात्र वळूनही न बघता पाण्याची चावी फिरवली. थोड्या वेळाने ठक ठक. फायरमनने भट्टीचं दार उघडून फावड्याने कोळसा घातला. बाई बघतच राहिल्या. घरी जेवताना साहेब ताटावर चमचा ठोकत. एकदा ठोकला की पाणी, दोनदा ठोकला की वाढ. माणूस जात्याच उद्धट, असं समजून तिने ते सोडून दिलं होतं. नवऱ्याने तिलाही घरी फायरमनच्या कामाला लावलं होतं हे तिला आज कळत होतं.

फायरमन घाम पुसायला तिच्याजवळ टेकला. "भावजी, हे ठोके कसले?" तिने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

"या आवाजात बोलणं कुठे ऐकू येतंय, वहिनी? एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कोळसा."

"आणि तुम्हाला काही सांगायचं असलं तर?"

"तीन. या बाजूचं वळण आलं की त्यांना पुढचं दिसत नाही, मलाच दिसतं. मी तीन मारले की त्यांनी आधी थांबायचं. का, कशाला, ते मग विचारायचं. मोठ्यातला मोठा ड्रायव्हर असला तरी हेच."

एवढं बोलून तो फावडं घ्यायला उठला. ड्रायव्हरीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे असाही ठोका होता. एक आणि दोन घरी आणले, रोज वाजवले, आणि तिसरा तेवढा इथे ठेवून आले. गणवेशाच्या कारखान्याची मालकीण दारातून परत जात होती तेव्हा तो तिला हवा होता. मुलीला विचारल्याशिवाय तिचं लग्न ठरवून आले, तेव्हा हवा होता. तिला रडू आलं नाही. तिला इतका संताप आला की धग लागेनाशी झाली.

डावीकडे वळण आलं. फायरमन पाठमोरा होता. त्याच्या कोनाड्यात एक जादा पाना पडला होता. बाईंनी तो उचलला आणि नळीवर ठोकला. ठक ठक ठक.

साहेबांनी मागे पाहिलंसुद्धा नाही. एका हाताने वाफ तोडली, दुसऱ्याने ब्रेक लावला. चाकं किंचाळली, गॉगलवाला कोळशावर जाऊन बसला, आणि अख्खी गाडी शेतांच्या मधोमध उभी राहिली. साहेब खिडकीतून अर्धे बाहेर वाकले. "काय आहे? गुरं आहेत का?"

फायरमनने नकारार्थी मान हलवली आणि बाईंकडे पाहिलं.

"मी मारले," ड्रायव्हरीणबाई म्हणाल्या. आता आवाज चढवायची गरज नव्हती.

"तू? का? काय दिसलं?"

"काही नाही. थांबता का, ते बघायचं होतं."

मागच्या डब्यांतून लोक डोकी बाहेर काढत होते. साहेबांचा चेहरा लाल झाला, पण ब्रेकवरचा हात ते काही काढेनात.

"आधी थांबायचं, मग विचारायचं, असा नियम आहे म्हणे," ती म्हणाली. "थांबलात ना? आता विचारा."

ड्रायव्हरसाहेबांनी तोंड उघडलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बायकोला काय विचारायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नाही.