मामाची पिवळी आणि डावीकडचं मागचं चाक

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत निदान चाळीस वेळा सांगून झालीय, आणि सांगणारा दर वेळी दुसराच कुणीतरी असतो. माझी बाजू कुणी मांडतच नाही! मांडण्यासारखी बाजू आहे का, ते तुम्ही शेवटी ठरवा.

तर मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. अठरा वर्षं झाली. बल, दाब, घर्षण, सगळं तोंडपाठ आहे. फळ्यावर. हे लक्षात ठेवा, पुढं माझीच लाज काढायला उपयोगी पडेल.

माझी थोरली बहीण अक्का बिलोलीला दिलेली. तिला दोन मुली. थोरलीच्या लग्नात क्लासची टेस्ट होती आणि मला उशीर झाला. किती? माईकवरून 'मुलीचे मामा, मुलीला घेऊन मंडपात या' असं अकरा वेळा पुकारून झालं आणि शेवटी शेजारच्या किराणा दुकानदाराला मामा म्हणून उभं केलं, इतका! आजही तो अल्बम उघडला की नवरीमागं तो दुकानदार मिशीला पीळ देऊन उभा आहे. मी एकाही फोटोत नाही. अक्का त्या वर्षी भाऊबीजेला आली नाही.

म्हणून धाकट्या प्रणिताचं लग्न ठरलं तेव्हा अक्कानं फोनवर निक्षून सांगितलं, "बाळू, साडेअकराची वेळ हाय. या टायमाला उशीर केलास तर भाऊबीज कायमची बंद. आन् मामाची पिवळी साडी तुझ्यासंगं येणार हाय, ती पोरीच्या अंगावर चढल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. समजलं का?"

समजलं. मी सकाळी साडेसहाला निघायचं ठरवलं आणि साडेसातलाच निघालो. यापेक्षा वक्तशीर मी आयुष्यात कधी नव्हतो.

गाडीत तिघं. मी जोधपुरी सूट घालून. शेजारी बायको, मीना. मागच्या सीटवर डाव्या बाजूला आमची आत्या. आत्या पंच्याहत्तरची, पण जीभ पंचविशीतली. पिवळी साडी सांभाळायचं काम तिच्याकडं. उदगीरला चहाला थांबलो, तर आत्यानं साडी उलगडून जरीचा काठ तपासला, पदर चुरगाळून बघितला, "बरी हाय" असा शेरा मारला आणि घडी मांडीवर घेऊन बसली. उशीर होत होता म्हणून तिचं दार मी स्वतः लावलं. धाडकन.

हे दारही लक्षात ठेवा.

देगलूर मागं पडलं. सव्वादहा झाले होते. मी खुशीत गुणगुणत होतो. एवढ्यात शेजारून एक मोटरसायकलवाला आला. दोन बाजूंना दुधाचे कॅन. तो माझ्याकडं बघून ओरडायला लागला. आमच्या काचा बंद, एसी चालू, ऐकू काय येणार? तो हात खाली करून गाडीच्या डाव्या मागच्या बाजूला दाखवायचा, पुन्हा ओरडायचा, पुन्हा दाखवायचा. मग "मरा तिकडं" असा हात झटकून पुढं निघून गेला.

आता तुम्हीच सांगा, मागच्या चाकाकडं बोट दाखवून माणूस ओरडतो, त्याचा अर्थ काय?

"पंक्चर!" मी म्हटलं. "मला सकाळपासून शंका होतीच. गाडी डावीकडं ओढत होती."

"गाडी न्हाई, तुम्हीच डावीकडं ओढून राहिले होते. मोबाईल बघत," मीना म्हणाली.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कडेला म्हणजे थेट ओल्या काळ्या मातीत. खाली उतरलो, मागं जाऊन चाकाला एक लाथ घातली. चाक खालून जरा फुगल्यासारखं दिसत होतं. गाडीत आहेराच्या पिशव्या आणि आत्या असल्यावर कुठलंही चाक फुगल्यासारखंच दिसतं, पण हा विचार मला नंतर सुचला. फार नंतर.

"बसलंय," मी निकाल दिला.

"मला तर चांगलं दिसतंय," मीना.

"फिजिक्स तू शिकवतेस की मी?"

तेवढ्यात आत्यानं आपलं दार उघडलं. "बाळ्या, आरं हे बग…"

"आत्या, मधी बोलू नको! माझं डोकं आधीच फिरलंय."

"आरं पन ऐक तरी…"

"गप बस म्हटलं ना!"

आत्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग साडीची घडी छातीशी धरून बाभळीखाली जाऊन बसली. "बरं," ती म्हणाली. "आता इचारल्याबिगर बोलायची न्हाई."

मला तर बरंच वाटलं!

मी डिकी उघडली. स्टेपनी तळाशी, तिच्यावर आहेर. तीन पिशव्या, दोन पातेली, एक समई आणि लाडवांचा डबा. सगळं रस्त्यावर मांडलं. येणारे-जाणारे आम्ही दुकान लावलंय असं समजून हळू व्हायचे. एकानं तर समईचा भाव विचारला.

जॅक लावला आणि फिरवायला लागलो. गाडी वर येईना. पुन्हा फिरवला. तरी येईना. खाली वाकून बघतो तर काय, गाडी जागच्या जागी आणि जॅकच मातीत चाललाय! काळी माती ती. तिच्यात बैल रुततो, तिथं माझा जॅक काय टिकणार? आणि मी कोण? उंटाचे पाय रुंद असतात म्हणून तो वाळूत रुतत नाही, हे अठरा वर्षं कोकलून सांगणारा माणूस! फळ्यावर उंट काढतो मी. पण जॅकखाली काही रुंद ठेवावं, हे काही सुचलं नाही.

फोन वाजला. अक्का.

"कुठं हाइस रे?"

"आलोच अक्का! हे काय, बिलोलीची कमान दिसून राहिली."

समोर एक शेळी दिसून राहिली होती.

शेवटी कसाबसा चार बोटं वर आला जॅक. आता नट खोलायचे. पाना लावला, जोर केला, तर नटाबरोबर अख्खं चाक गरगर फिरायला लागलं. मी जोर करायचा, चाकानं फिरायचं. सूटच्या बगला उसवल्या. मग मी चाकाला गुडघा लावला आणि पान्यावर सगळं वजन टाकलं. गाडी हलली, जॅक कलंडला आणि गाडी धप्पकन खाली! माझा पाय वीतभर बाजूला होता म्हणून आज तुमच्यासमोर चहा पितोय. मीना पांढरीफटक पडली. मीही पडलोच होतो, पण चिखल लागलेला असल्यामुळं ते दिसलं नसावं.

याच वेळी तो मघाचा मोटरसायकलवाला दूध घालून परत आला. गंगाधर त्याचं नाव. गाडी स्टँडला लावून तो जवळ आला, आहेराच्या दुकानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आरारा! पंक्चर बी झालं का?"

तो 'पंक्चर बी' म्हणाला होता बरं का. मला तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं. नाही झालो.

"हाव ना," मी म्हटलं. "जॅकच बेकार दिलाय कंपनीनं."

गंगाधरनं खाली वाकून बघितलं. "हँडब्रेक वढला का, सर?"

मी गाडीत जाऊन हँडब्रेक ओढून आलो.

"म्होरच्या चाकाला दगड लावला का?"

मी दगड शोधायला गेलो.

"आन् नट आधी जमिनीवरच ढिले करायचे असतात. चाक भुईला असलं की फिरत न्हाई. मंग गाडी उचलायची. जॅकखाली फळी घालायची, बाजंच्या पायाखाली वीट ठेवताव तशी. आन् गाडी जॅकवर हाय तवर खाली हात-पाय घालायचा न्हाई. तुम्ही काय काम करता म्हणले?"

"शिक्षक आहे."

"कशाचे?"

"मराठीचा," मी म्हटलं.

गंगाधरनं शेतातून एक जाड फळी आणली आणि पंधरा मिनिटांत चाक काढून स्टेपनी लावून दिली. मी त्याला भरभरून धन्यवाद देत जॅक उतरवला. गाडी खाली आली. आली, आली, येतच राहिली! स्टेपनीत हवाच नव्हती. कशी असेल? गाडी घेतल्यापासून सहा वर्षांत मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

अकरा पंचवीस. अक्काचा फोन वाजत होता. तिकडं माईकवर कुणीतरी "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत होतं. मला रडू आलं. खरंच सांगतो, समोर तो किराणा दुकानदार मिशीला पीळ देऊन उभा दिसायला लागला.

"स्टेपनी काढायला पुन्यांदा जॅक लावावा लागंल," गंगाधर म्हणाला. "ते मोकळं पडल्यालं चाकच घ्या. म्होरं फाट्यावर पंक्चरवाला हाय."

तर असा मी, जोधपुरी सूट, मांडीवर चाक, आजूबाजूला दुधाचे कॅन, देगलूर-बिलोली रस्त्यावरून निघालो. वाटेत एका वऱ्हाडाच्या जीपमधल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

पंक्चरवाल्यानं मीटर लावला. "हवा तर बराबर हाय."

"नीट बघा हो, पंक्चर आहे."

त्यानं चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. फिरवलं. आम्ही तिघं वाकून बघतोय. एक बुडबुडा नाही! पुन्हा फिरवलं. पाणी शांत.

"याला काहीच झालं न्हाई, सर. पंक्चर हाय म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी गंगाधरकडं बोट दाखवलं.

"म्या?" गंगाधर उडालाच. "म्या कवा म्हणलो पंक्चर? म्या तर सांगून राहिलो होतो की मागच्या दारातून पिवळी साडी लोंबून राहिली, चाकात जाईल म्हणून! कोसभर वरडलो. तुमची काच काही खाली येईना."

पंक्चरवाल्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "असलं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघितलं." मला पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं.

परत आलो. बाभळीखाली आत्या साडीचं एक टोक झटकत बसली होती. हातभर भाग काळाकुट्ट. उदगीरपासून ते टोक, मी धाडकन लावलेल्या दारातून, रस्ता झाडत आलं होतं. मी लाथ घातली तेव्हाही ते तिथंच लोंबत होतं, पण मला फक्त चाक दिसलं.

"आत्या! तुला माहीत होतं?"

"दार उघडलं तवाच दिसलं की."

"मग सांगितलं का नाही?"

"तू म्हनलास गप बस. बसले."

तेच चाक त्याच जागी पुन्हा लावलं. सगळं रीतसर. हँडब्रेक, दगड, फळी, आधी नट. इतकं सुंदर चाक कुणी बदललं नसेल, फक्त बदलायची गरज नव्हती एवढंच.

बारा वीसला मांडवात पोचलो. मी गाडीतून उडी मारली ती थेट अक्काच्या पायावर. "अक्का, माफ कर! दुसरा मामा उभा केलास का गं?"

अक्का शांतपणे पाणी पीत होती. "लग्न बारा पस्तीसचं हाय. तुला मुद्दाम साडेअकरा सांगितलं होतं. पत्रिकेवर छापलंय, पन तू कशाला वाचतोस! नवरदेव अजून पारापाशी नाचून राहिला."

म्हणजे पंक्चर झालं नव्हतं आणि उशीरही झाला नव्हता. मग मी सकाळपासून करत काय होतो?

साडी बघून अक्काचा चेहरा उतरला. मीही मान खाली घातली. पण प्रणिता हसली. म्हणाली, "मामा, हे आतलं टोक हाय. कमरेला खोसलं की कोन बघतंय? तू आलास ना, बास झालं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. पोरगी आत साडी नेसायला गेली.

मधल्या दहा मिनिटांत हात-पाय धुवायचे असतात, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. मी ती दहा मिनिटं मांडवात दोघा साडूंना जॅक कसा लावायचा हे समजावण्यात घालवली. उंटाच्या उदाहरणासकट.

"मुलीचे मामा, मुलीला घेऊन मंडपात या!"

एकदाच पुकारलं. एकदाच! मी छाती काढून निघालो. आत्या घाईनं मागं आली.

"बाळ्या, आरं थांब, तुझे हा…"

"आत्या, निदान मंडपात तरी गप बस!"

आत्या गप बसली.

मी प्रणिताला घेऊन आलो, अंतरपाटाशी उभं केलं आणि तिच्या मागं थाटात उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली. पोरगी जरा कापत होती. मी प्रेमानं तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. ऊन मी म्हणत होतं, तळवे घामानं ओले. शेवटच्या अक्षतेपर्यंत मी हात काढले नाहीत.

साडीचं लोंबलेलं टोक दोन धुण्यांत स्वच्छ झालं. जॅकचं काळं ग्रीस मात्र आजतागायत निघालेलं नाही.

थोरलीच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत नव्हतो. धाकटीच्या अल्बममध्ये सप्तपदी, कन्यादान, पंगत, पाठवणी, प्रत्येक फोटोत आहे. नवरीच्या पिवळ्या खांद्यांवर, दहाच्या दहा बोटांनी!