प्रतापगडावरून रॉकेट पाहिलं ती संध्याकाळ

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. जन्मभर मुलींना विज्ञान शिकवलं. करणी, अंगात येणं असलं काही वर्गात निघालं की मी हसण्यावारी न्यायची. पण एका संध्याकाळचा हिशोब मला अजून लागलेला नाही... म्हणून हे लिहिते आहे.

साल १९५७, दिवाळी नुकतीच झालेली. आम्ही अर्जुनी मोरगावला राहत होतो — आता गोंदिया जिल्हा, तेव्हा भंडारा. रशियाने आकाशात उपग्रह सोडला होता आणि त्याच्यामागचं रॉकेट दिवस मावळल्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, अशी बातमी होती. पण पाहायचं कुठून? घराभोवती आंबे आणि मोहाची झाडं. तलावाच्या पाळीवरून आकाश मोकळं, पण तिथे सांज झाली की पाण्यावरून धुकं उठायचं. पाळीवर उभं राहून मान दुखली, दिसलं काहीच नाही. शेवटी मी प्रतापगड ठरवला — इतिहासातला नव्हे, आमच्याच भागातला, वर दर्गा असलेला.

"मीबी येतो," बाबा म्हणाले.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. उजेड-अंधार कळायचा, तेवढंच.

"बाबा, तुमाले काय दिसन तिथं?"

"नाई दिसलं त नाई दिसलं. नारायण असता त त्यानं नेलं असतं मले."

नारायण माझा मोठा भाऊ. आदल्या पावसाळ्यात तापाने गेला. खळ्यावर उताणं पडून तो बाबांना तारे दाखवायचा. तो गेल्यापासून बाबांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं... मला नाही म्हणवेना.

दुपारीच बंडी जुंपली. आमचा गडी सोमा बैलांजवळ पायथ्याशी थांबला आणि मी बाबांचा हात धरून हळूहळू वर चढले. दर्ग्याच्या पुढे एक सपाट खडक सापडला. खाली जंगल, वर सगळं आकाश उघडं. यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. मी बाबांना बसवलं आणि शेजारी टेकले.

"जराशी सरक बाई," ते म्हणाले. "त्याले बसू दे."

म्हातारं माणूस, दमलं असेल — असं समजून मी सरकले. आमच्या दोघांत एका माणसाची जागा मोकळी राहिली.

चांदण्या निघू लागल्या. मी डोळे ताणून बघत होते, तेवढ्यात बाबांचा उजवा हात वर गेला. बोट वायव्येकडे, खालच्या अंगाला.

"तिकडं पाहा. येऊन राहिलं."

तिथे काहीच नव्हतं. मी तसं सांगणार, तोच बरोबर त्याच ठिकाणी एक चांदणी उगवली आणि चालू लागली. आवाज नाही, घाई नाही. बाबांचं बोट तिच्याबरोबर सरकत होतं. मागे पडत नव्हतं, पुढे जात नव्हतं. त्यांची मान मात्र खाली, डोळे मिटलेले.

"बाबा... तुमाले दिसून राहिलं?"

"मले कायचं दिसते वो? हात त्यानं धरला आहे."

मला भीती वाटली ती बाबांचीच. यांचं डोकं फिरलं की काय, असं मनात आलं. हात खाली घ्यावा म्हणून मी त्यांचं मनगट धरायला गेले. माझ्या बोटांना मनगट लागलंच नाही. आधी दुसरी बोटं लागली, मनगटाभोवती आवळलेली. गरम होती ती — शेवटच्या आठवड्यात मी नारायणच्या उशाशी बसून धरायची, तशी गरम.

मी हात मागे घेतला. रॉकेट आग्नेयेकडे जाऊन अंधारात विझलं आणि बाबांचा हात अलगद त्यांच्या मांडीवर आला, कुणीतरी आणून ठेवावा तसा.

आम्ही खाली उतरलो. सोमाने विचारलं, "दिसलं का जी?"

"दिसलं," बाबा म्हणाले. "तिघायनंबी पाह्यलं."

सोमाने कंदील उचलून बंडीत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बैल हाकले.

त्या रात्री बाबा पोटभर जेवले. पुढे नारायणबद्दल मोकळेपणाने बोलू लागले, अगदी मरेपर्यंत. गडावर मात्र त्यांनी पुन्हा चल म्हटलं नाही.

पिकलेल्या मोतीबिंदूतून चांदणी दिसते का, हे मी डॉक्टरांना विचारलंय. नाही म्हणतात. आणि समजा दिसली... तरी त्या बोटांचं काय?

त्या संध्याकाळी नारायण काही बोलला का, माझं नाव तरी घेतलं का, हे बाबांना विचारायचं माझ्या फार मनात होतं. माझाही भाऊच होता तो. पण ते होते तोवर धीर झाला नाही.