प्रभुभोजनाआधीचं दार

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे दारवाले मामा म्हणत. पोटापाण्याला इस्त्रीचं दुकान, पण खरी ओळख रविवारची. उपदेश संपला की पाळकसाहेब मान हलवत, आणि दाराशी उभे असलेले मामा सांगत, "बाप्तिस्मा न झालेल्यांनी आणि मंडळीतून नाव कमी केलेल्यांनी कृपा करून बाहेर थांबावं." मग दार लावायचं, कडी घालायची, की आत प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरस वाटणं, सुरू. मामांनी भल्याभल्यांना बाहेर काढलं होतं. एकदा तर पाळकसाहेबांच्या सख्ख्या मेव्हण्याला. तो बिचारा पाहुणा म्हणून आला होता.

त्यांच्या मुलीनं मंडळीबाहेर लग्न केलं, तेव्हा तिचं नाव कमी करायला सभेत पहिला हात मामांनीच वर केला. बायकोनं अबोला धरला. पुढे ती वारली. शवपेटीवरची चादर मामांनी स्वतः इस्त्री केली, कडा जुळवून घडी घातली, आणि डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, काय विश्वास म्हणायचा माणसाचा! कसला विश्वास नि कसलं काय. आत सगळं बधिर झालं होतं. प्रार्थनेला गुडघे टेकत, ओठ हलत, बाकी मन विझलेल्या इस्त्रीसारखं गार. एकच वाटे, पोरीनं एकदा यावं. पण बोलवायचं कुठल्या तोंडानं?

आणि एका रविवारी ती आपणहून आली. शेवटच्या बाकावर बसली.

पाळकसाहेब त्या दिवशी मंडळीच्या कामाविषयी बोलत होते. प्रभूला वेशीबाहेर नेऊन क्रुसावर मारलं, म्हणाले, म्हणजे तो बाहेरच्यांत आहे आणि आपण आत बसून त्याची वाट बघतोय. मंडळीला देवानं पाठवलंय, राखणीला बसवलेलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनीही डोलावली. त्यांचे डोळे पोरीच्या पाठीवर होते, आणि तिच्याशी काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती.

उपदेश संपला. पाळकसाहेबांनी सवयीनं मान हलवली, मामांच्या तोंडून सवयीनं ते वाक्य गेलं. मुलगी उठली, त्यांच्या शेजारून बाहेर पडली, आणि मामांनी दार लावून कडी घातली. आता बोला! जिच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, तिलाच आपल्या हातानं बाहेर काढायचं.

हात कडीवरच राहिला. रडू आलं नाही, छातीत कळही आली नाही. एवढंच कळलं की आत्ता उघडलं नाही तर ती पुन्हा यायची नाही. भाकरीचं ताट पहिल्या बाकापर्यंत आलं होतं. मामांनी आजवर प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. त्यांनी कडी काढली. सगळ्यांच्या माना वळल्या.

ती फाटकाशी पोचली होती.

"थांब गं."

"आत जा, बाबा. तुमचं भोजन चुकेल."

"चुकू दे. मलाही काढलंय."

"तुम्हाला कोणी काढलं?"

"मीच. तुला काढलं तेव्हाच." मामा फाटकाजवळ आले. "तुझी आई शेवटी अबोला सोडून तुला बोलवा म्हणत होती. मी निरोप दिला नाही."

मुलगी फाटकाला धरून रडायला लागली. आत गाणं सुरू झालं होतं. मामांना तेव्हाही रडू आलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिनं तो झटकला नाही.