पहारेकऱ्याला फसवायचा नियम

आज दुपारी पेडगावात आमच्या फाशांच्या खेळाचा नवा डाव मांडला. गोष्ट मी रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. ही गोष्ट रचायला तीन आठवडे लागले.

गोष्टीत गढीच्या दारात पहारेकरी, त्याच्या वतीनं मीच बोलणार. त्याला फसवायचं तर वीस बाजूंच्या फाशावर पंधराच्या वर आकडा पाहिजे, न्हाईतर लढाई.

गणित शिकवणाऱ्या सुनीताबाई पहारेकऱ्याला म्हणाल्या, "दादा, आत आमचा माणूस कैद हाय. सोडवायला आलोत."

"फासा टाका," मी म्हणलं.

"फासा फसवायला लागतो ना? मी तर खरं बोलायले."

नियमांचं पुस्तक चाळलं. गोष्टीत त्यांचा माणूस खरंच आत कैद होता, अन् खरं बोलण्याला नियमच नव्हता. पहारेकऱ्याला दार उघडायला लावलं. वहीत लिहून ठेवलेली लढाई वहीतच राहिली.

तीन आठवडे मी खोटं पकडायची तयारी केली. खरं बोलणारं कुणी येईल, हे डोक्यातच आलं न्हाई. तुमी काय केलं असतं?